दोन दूरच्या शहरांमधलं हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढायचा

लंडन ते टोकियो किती लांब, असं इंटरनेटवर विचारलं की तीन ठिकाणी तीन आकडे मिळतात. वेळ विचारला तर गोंधळ आणखी वाढतो. कुठे बारा तास, कुठे चौदा, आणि तिकिटावरच्या वेळा वजा केल्या तर चक्क बावीस. यातलं बहुतेक काही चूक नसतं. प्रत्येक आकडा वेगळ्याच गोष्टीचा असतो, एवढंच. कोणता आकडा कशाचा, हे कळण्याचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे एकदा हाताने हिशेब करून पाहणं. खाली तोच पायरीपायरीने दिला आहे. उदाहरण शेवटपर्यंत मुख्यतः लंडन–टोकियोचंच ठेवलं आहे, म्हणजे कुठे चुकलात ते लगेच दिसेल.

हाताशी काय हवं:

– दोन्ही विमानतळांचे तीन अक्षरी कोड आणि अक्षांश-रेखांश
– साइन-कोसाइन काढणारा कॅल्क्युलेटर (फोनमधला आडवा धरला की बहुधा चालतो) किंवा एक्सेल
– दोन्ही शहरांची प्रमाणवेळ, तीही प्रवासाच्या तारखेची
– जमल्यास पृथ्वीगोल आणि दोरा. हसू नका, चूक पकडायला याच्याइतकं झटपट साधन नाही

१. शहर नको, विमानतळ धरा

शहर म्हणजे पसरलेला भाग. विमान उतरतं ते एका ठरावीक ठिकाणी. टोकियोला हानेदा आणि नारिता असे दोन मोठे विमानतळ आहेत, आणि नारिता शहराच्या मध्यापासून सुमारे ६० किमी दूर आहे. कोडमध्येही गंमत आहे. ‘एलओएन’, ‘एनवायसी’, ‘टीवायओ’ हे शहराचे कोड आहेत, त्यांत त्या शहराचे सगळे विमानतळ येतात. हिशेबाला लागतो तो विमानतळाचा स्वतःचा कोड: हीथ्रोचा ‘एलएचआर’, हानेदाचा ‘एचएनडी’.

सारख्या नावांपासून जपा. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे आणि कोस्टा रिकातही. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे, तशी कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियातही आहे, आणि चुकून त्या दुसऱ्या सिडनीला पोचलेल्या प्रवाशांच्या बातम्याही येऊन गेल्या आहेत.

२. अक्षांश-रेखांश नीट उतरवा

उत्तर अक्षांश आणि पूर्व रेखांश अधिक, दक्षिण आणि पश्चिम उणे. आपल्या उदाहरणात:

हीथ्रो: अक्षांश ५१.४७, रेखांश −०.४६
हानेदा: अक्षांश ३५.५५, रेखांश १३९.७८
रेखांशांतला फरक: १३९.७८ − (−०.४६) = १४०.२४ अंश

इथे दोन चुका हटकून होतात. पहिली, अंश-मिनिटांना दशांश समजण्याची. हीथ्रोचा अक्षांश ५१ अंश २८ मिनिटं आहे. तो ५१.२८ लिहिला की जागा २१ किमी सरकली. मिनिटांना ६० ने भागायचं: २८ ÷ ६० = ०.४७.

दुसरी चूक चिन्हाची. हीथ्रोच्या बाबतीत उणे राहून गेलं तर फरक तीसेक किलोमीटरचाच पडतो, आणि म्हणूनच तो लक्षात येत नाही. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचा रेखांश −७३.७८ आहे. त्यातलं उणे विसरलात तर विमान किरगिझस्तानात उतरेल.

फरक १८० पेक्षा जास्त आला तर तो ३६० मधून वजा करा. ऑकलंड (१७४.७९) आणि लॉस एंजेलिस (−११८.४१) यांच्यात फरक येतो २९३.२०, म्हणजे जवळच्या बाजूने ६६.८०. कोसाइनला दोन्ही सारखेच, त्यामुळे सूत्रात काही बिघडत नाही. पण नकाशावर विमान कोणत्या बाजूने जाणार हे समजायला लहान आकडाच उपयोगी.

३. बृहद्वृत्तावरचं अंतर काढा

भिंतीवरच्या नकाशात दोन शहरं पट्टीने जोडली की येणारी रेषा ही सर्वांत जवळची वाट नसते. गोलावर सर्वांत जवळची वाट बृहद्वृत्तावरून जाते, म्हणजे पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावरून. फरक किती पडतो ते पाहा. ६० अंश उत्तर अक्षवृत्तावर, पण गोलाच्या अगदी विरुद्ध बाजूंना असलेली दोन ठिकाणं घ्या. अक्षवृत्ताच्या कडेकडेने गेलात तर १०,००७ किमी. सरळ उत्तर ध्रुवावरून गेलात तर ६,६७२. म्हणूनच लांबच्या विमानांची वाट सपाट नकाशावर उत्तरेला फुगलेली दिसते. विमान वळसा घेत नसतं, नकाशा ताणलेला असतो.

सूत्र असं:

कोसाइन(कोन) = साइन(अक्षांश १) × साइन(अक्षांश २) + कोसाइन(अक्षांश १) × कोसाइन(अक्षांश २) × कोसाइन(रेखांश फरक)

आकडे घालू:

साइन ५१.४७ × साइन ३५.५५ = ०.७८२३ × ०.५८१४ = ०.४५४८
कोसाइन ५१.४७ × कोसाइन ३५.५५ × कोसाइन १४०.२४ = ०.६२२९ × ०.८१३६ × (−०.७६८७) = −०.३८९६
बेरीज = ०.०६५२
व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) = ८६.२६ अंश

पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी धरली तर बृहद्वृत्तावर एक अंश म्हणजे १११.१९ किमी. ८६.२६ × १११.१९ = सुमारे ९,५९० किमी. झालं.

कॅल्क्युलेटर ‘डिग्री’वर आहे ना, ते आधी पाहा. साइन ३० बरोबर ०.५ यायला हवं. −०.९८८ आलं तर तो रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर आहे. एक्सेल आणि गूगल शीट्स नेहमी रेडियनच मागतात, तेव्हा अंशांना ५७.२९५८ ने भागून द्या. शेवटी येणारा कोनही रेडियनमध्ये असेल, त्याला थेट ६,३७१ ने गुणा.

पृथ्वी नेमकी गोल नाही. विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवाशी ६,३५७. त्यामुळे गोलाचं सूत्र जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास चुकतं. काही संकेतस्थळं गोल धरतात, काही दबलेला गोल. आकड्यांत वीसेक किलोमीटरचा फरक दिसतो तो बहुतेक यामुळेच. प्रवासाच्या हिशेबात तो सोडून द्या. मात्र अगदी जवळच्या ठिकाणांसाठी, काही किलोमीटर किंवा त्याहून कमी अंतरासाठी, हे सूत्र वापरू नका. तिथे कोसाइन १ ला चिकटतो आणि कॅल्क्युलेटरचे दशांश अपुरे पडतात. त्यासाठी हॅव्हरसाइन नावाचं सूत्र आहे.

स्वतः करून पाहायला एक गणित: सिंगापूर (१.३६, १०३.९९) ते न्यूयॉर्क केनेडी (४०.६४, −७३.७८). उत्तर १५,३४० किमीच्या आसपास यायला हवं. जगातल्या सर्वांत लांब नियमित विनाथांबा उड्डाणांपैकी हे एक.

४. एकक एकदाच ठरवा

सागरी मैल म्हणजे बरोबर १.८५२ किमी, साधा मैल १.६०९ किमी. लंडन–टोकियो त्यामुळे ९,५९० किमी, ५,९५९ मैल आणि ५,१७८ सागरी मैल असं तिन्ही प्रकारे सापडेल. वैमानिक आणि हवाई नियंत्रण सागरी मैल आणि नॉटमध्ये बोलतात. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल. अंतर मैलांत आणि वेग नॉटमध्ये घेऊन भागाकार केला की वेळ १५ टक्के फुगतो, आणि उत्तर वेडंवाकडं दिसत नसल्याने कुणाला शंकाही येत नाही.

५. खरा मार्ग किती लांब, ते जोडा

आत्तापर्यंतचं अंतर भूमितीचं. विमान तंतोतंत त्याच रेषेवरून जात नाही. निघताना आणि उतरताना ठरलेल्या वाटा असतात, मधे वादळं चुकवावी लागतात, कुठे हवाई हद्दीचा प्रश्न येतो. नेहमीच्या मार्गाला ३ टक्के वाढ धरली तर अंदाज बरा बसतो. ९,५९० चे होतात सुमारे ९,८८०.

पण काही मार्गांवर ३ टक्के अगदीच तोकडे पडतात.

मिटलेलं आकाश हे सर्वांत मोठं कारण. फेब्रुवारी २०२२ नंतर अनेक युरोपीय आणि जपानी कंपन्यांचा रशियावरून जाणारा मार्ग बंद झाला. लंडन–टोकियोची विमानं मध्य आशियावरून किंवा अलास्का-ग्रीनलंडकडून जाऊ लागली, आणि बारा तासांच्या आसपासचा प्रवास चौदाच्या घरात गेला. हेलसिंकी–टोकियोला तर याहून मोठा फटका बसला: साडेनऊ तासांचे जवळजवळ तेरा. भूमितीचं अंतर तेच, विमान तेच. म्हणून वेळेचा आकडा जुन्या पानावरून उचलताना तो कोणत्या वर्षाचा, ते आधी बघा. रशियावरून जाता येण्याचा नियम कंपनीगणिक बदलतो, त्यामुळे एकाच मार्गावर दोन कंपन्यांच्या वेळेत तास-दीड तासाचा फरक दिसला तर दचकू नका.

दुसरं कारण इंजिनांचं. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं तर ठरलेल्या मिनिटांत एखादा विमानतळ गाठता आला पाहिजे. १८० मिनिटांची मर्यादा नेहमी ऐकू येते, काही नव्या विमानांना ३०० हून जास्त मिनिटांची परवानगी आहे. दक्षिण गोलार्धातल्या रिकाम्या महासागरांवर वाट वाकते ती यामुळे.

तिसरं उंच जमिनीचं. केबिनमधला दाब गेला तर विमान झटकन १०,००० फुटांवर, म्हणजे ३,०५० मीटरवर आणावं लागतं, कारण मास्कमधला प्राणवायू काही मिनिटंच पुरतो. तिबेटच्या पठाराची जमीनच सरासरी साडेचार हजार मीटरच्या वर आहे. मग विमान खाली येणार कुठे? म्हणून बहुतेक मार्ग त्याला बगल देतात.

अशा मार्गांसाठी टक्केवारीच्या नादी न लागता, फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर त्या उड्डाणाची कालपरवाची वाट पाहा आणि मधले दोन-तीन बिंदू घेऊन तुकड्यातुकड्याने अंतर काढा.

६. वेग धरून वेळ काढा

जेट विमानाचा वेग माखमध्ये सांगतात, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या तुलनेत. मोठी लांब पल्ल्याची विमानं, बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० सारखी, माख ०.८५ च्या आसपास उडतात. ए३२० आणि ७३७ सारखी लहान विमानं ०.७८ ला. इथे ध्वनीचा जमिनीवरचा वेग, ताशी १,२२५ किमी, घेऊ नका. ११ किमी उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या घरात असतं आणि थंड हवेत ध्वनी मंदावतो: ताशी सुमारे १,०६२ किमी. त्या हिशेबाने मोठं विमान ताशी ९०० किमी, लहान ८३०.

९,८८० ÷ ९०० = १०.९८ तास

हे १० तास ९८ मिनिटं नव्हे. दशांश भागाला ६० ने गुणा: १० तास ५९ मिनिटं.

चढताना आणि उतरताना विमान या वेगात नसतं, त्याचे २० मिनिटं जोडा. हवेतला वेळ झाला ११ तास १९ मिनिटं. पण वेळापत्रकात छापतात तो वेळ गेटपासून गेटपर्यंतचा. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर गेटला लागणं, यासाठी २५ मिनिटं धरा. गजबजलेल्या विमानतळावर ४०. एकूण ११ तास ४४ मिनिटं. रशियावरून विमानं जात होती तेव्हाच्या वेळेशी हे बऱ्यापैकी जुळतं.

‘फ्लाइट टाइम’ हा शब्द कुणी हवेतल्या वेळेसाठी वापरतो, कुणी गेट ते गेट वेळेसाठी. अर्ध्या-पाऊण तासाची तफावत दिसली की आधी हाच संशय घ्या.

७. वाऱ्याचा हिशेब

मध्य अक्षांशांत दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट वारे वाहतात, हिवाळ्यात जास्त जोरात. विमानाचा हवेतला वेग तोच राहतो. मागून वारा असेल तर जमिनीवरचा वेग तेवढा वाढतो, समोरून असेल तर घटतो. लंडन–न्यूयॉर्क ५,५४० किमी. जाताना, पश्चिमेकडे, सुमारे आठ तास. येताना सात किंवा त्याहून कमी. फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळी रात्री ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता, वारा पाठीशी होता.

अंदाजासाठी एवढा ठोकताळा पुरे: मध्य अक्षांशांत पूर्व-पश्चिम प्रवासाला उन्हाळ्यात ताशी ५० किमी आणि हिवाळ्यात १०० किमी वारा धरा. युरोप-आशियासारख्या, उत्तरेकडून लांबून जाणाऱ्या मार्गांना ३० ते ४० पुरतात. विषुववृत्ताजवळ किंवा उत्तर-दक्षिण प्रवासाला वारा सोडून दिला तरी चालतं. टोकियोहून लंडनला येताना समोरचा वारा ४० धरला तर ९,८८० ÷ ८६० = ११ तास २९ मिनिटं, वरचे ४५ मिनिटं धरून १२ तास १४ मिनिटं.

जातानाचा फायदा येतानाच्या तोट्याने फिटतो, असं वाटतं. तो पुरता फिटत नाही. ५,५४० किमीला १०० चा वारा धरला तर १,००० च्या वेगाने ५.५४ तास आणि ८०० च्या वेगाने ६.९३, मिळून १२.४७. वारा नसता तर १२.३१. विमान मंद वेगात जास्त वेळ घालवतं, त्यामुळे नऊ मिनिटं अंगावर पडतात. म्हणून दोन्ही दिशांची सरासरी काढून एकच वेळ सांगू नका.

वारा कधीकधी वाटच बदलायला लावतो. एअर इंडियाने २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर हजाराहून जास्त किलोमीटरने वाढलं, १५,३०० च्या घरात गेलं, तरी प्रवास आधीपेक्षा कमी वेळात झाला, कारण वारा पाठीमागून मिळाला.

८. घड्याळ जुळवा

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची असते, पोचण्याची पोचण्याच्या गावची. दोन्ही आधी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत आणा आणि मगच वजाबाकी करा.

जुलैत लंडनहून दुपारी १ ला निघालात. तिथे तेव्हा उन्हाळी वेळ असते, यूटीसीच्या एक तास पुढे, म्हणजे यूटीसी १२:००. चौदा तासांनी यूटीसी ०२:००. टोकियो नऊ तास पुढे, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळचे ११. नुसती वजाबाकी केली तर २२ तास येतात. लेखाच्या सुरुवातीचे बावीस ते हेच.

उन्हाळी वेळेचं एक विशेष बघा. अमेरिकेत ती मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते, युरोपात मार्चच्या शेवटच्या. मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन–न्यूयॉर्क फरक पाच तासांऐवजी चारच असतो. जपान आणि भारत घड्याळ हलवतच नाहीत. आणि सगळे फरक पूर्ण तासांचे नसतात: भारत साडेपाच, नेपाळ पावणेसहा, ॲडलेड साडेनऊ तास.

आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की तारीखही हलते. ऑकलंडहून संध्याकाळी निघालेलं विमान लॉस एंजेलिसला त्याच तारखेच्या दुपारी किंवा त्याआधी पोचतं, निघण्यापूर्वीच पोचल्यासारखं. उत्तर उणे आलं तर घाबरू नका, २४ तास जोडा.

९. थांबा असेल तर

‘डायरेक्ट’ आणि ‘नॉनस्टॉप’ एक नाहीत. डायरेक्ट विमान मधे उतरू शकतं, फक्त उड्डाण क्रमांक तोच राहतो. थांबा असेल तर दोन्ही तुकड्यांचं अंतर वेगवेगळं काढा, प्रत्येकाला चढ-उतार आणि गेट ते धावपट्टी जाण्या-येण्याचे ४५ मिनिटं स्वतंत्र जोडा आणि जमिनीवरचा वेळ त्यात मिळवा. शहरापासून शहरापर्यंत थेट अंतर काढून त्यात नुसता थांब्याचा वेळ मिसळला तर उत्तर हमखास कमी येतं.

१०. उत्तर पटत नसेल तर कुठे पाहायचं

आलेला वेळ त्याच उड्डाणाच्या मागच्या आठ-दहा दिवसांच्या प्रत्यक्ष वेळांशी ताडून पाहा, वेळापत्रकाशी नको. उशीर दिसू नये म्हणून कंपन्या वेळापत्रकात काही मिनिटं राखून ठेवतात, त्यामुळे लवकर पोचलेलं विमान फार वेगात आलं असं समजायचं कारण नाही.

– अंतर २०,०१५ किमीपेक्षा जास्त: अशक्य. पृथ्वीवर याहून दूर काही नाही. सूत्र किंवा एकक चुकलंय.
– अंतर १.८५ पट किंवा १.६१ पट: सागरी मैल किंवा मैल आणि किलोमीटर यांची अदलाबदल.
– शेवटचा कोन ५७ पट लहान-मोठा: अंश आणि रेडियन.
– वेळ १५ टक्के जास्त: मैल आणि नॉट एकत्र आले.
– वेळ १३ टक्के कमी: जमिनीवरचा ध्वनीचा वेग धरला.
– वेळेत बरोबर एका तासाचा फरक: उन्हाळी वेळ.
– वेळ दोन किंवा अधिक तासांनी कमी पडतोय आणि बाकी सगळं बरोबर आहे: नकाशावर कालची वाट बघा, विमान कुठल्यातरी बंद आकाशाला वळसा घालून जातंय.